सिगार आणि काळी बिअर: रंगावर जाऊ नका

काळ्या बिअरसोबत काळीकुट्ट सिगार घेतली की जोडी जमली, असं धरून बहुतेक जण सुरुवात करतात आणि अर्ध्या तासात तोंड कडूजहर करून उठतात. रंग दोन्हीकडे फसवतो. गिनेस ड्राफ्ट ग्लासात जवळजवळ काळी दिसते, पण तिच्यात अल्कोहोल 4.2 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे इंदुरात ठेक्यावर सर्रास मिळणारी पिवळी ‘स्ट्राँग’ तिच्यापेक्षा कितीतरी जड असते. बिअरला काळा रंग येतो भाजलेल्या माल्टमधून (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) किंवा भाजलेल्या बार्लीतून, आणि त्यासाठी फार थोडं धान्य पुरतं. 1817 मध्ये इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरनं माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. असं काळं माल्ट हाताशी असलं की एरवी हलक्या असलेल्या बिअरलाही मूठभरात रंग चढतो.

सिगारचंही तेच. ‘मदुरो’ म्हणजे वरचं पान जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवलेलं. त्यानं पान काळपट होतं आणि चवीला गोडसर लागतं. सिगारची ताकद मात्र आतल्या तंबाखूवर ठरते. झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली जाड पानं असतात त्यांना ‘लिगेरो’ म्हणतात. ती जितकी जास्त, तितकी सिगार कडक. म्हणून काळी पण मवाळ सिगार असते, आणि फिकट तपकिरी पानाची, डोकं गरगरवणारी सिगारही असते.

जोडी लावायचा मुख्य नियम असा: धुरात कडूपणा आणि कोरडेपणा आधीच भरपूर असतो, त्यामुळे गोडी आणि ओल आणायचं काम बिअरचं. घोट गिळल्यावर शेवटी गोडसर राहणारी बिअर कडक सिगारला पेलते. शेवटी कोरडी आणि कडवट होणारी बिअर मवाळ सिगार मागते. बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

यामागे थोडं रसायन आहे. सिगारचा धूर क्षारधर्मी असतो, म्हणूनच तो छातीत न ओढताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. बिअर आम्लधर्मी, पीएच साधारण 4 ते 4.5. घोट घेतला की जिभेवरचा चरचरीतपणा धुतला जातो आणि पुढचा झुरका मऊ वाटतो. शिवाय भाजलेलं माल्ट आणि आंबवलेला तंबाखू या दोहोंतले कॉफी, कोको, भाजलेल्या पावाच्या कडेसारखे वास एकाच प्रकारच्या अभिक्रियेतून येतात. साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र आली की होणारी मायार अभिक्रिया ती हीच. त्यामुळे वास जुळवायला फार खटपट लागत नाही, ते आपणच जुळतात. बिघडतं ते वजनात आणि कडूपणात.

आधी चार गोष्टी स्पष्ट

मध्य प्रदेशात दारूसाठी किमान वय 21. सार्वजनिक जागी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे. 30 किंवा अधिक खुर्च्यांच्या रेस्तराँत, 30 खोल्यांच्या हॉटेलात आणि विमानतळावर वेगळी धूम्रपान खोली असू शकते, बाकी कुठे नाही. ठेक्यांना लागून असलेले आहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, 2023 पासून बंद आहेत, म्हणजे ही बैठक घरच्या गच्चीवर किंवा अंगणातच व्हायची. सहलीला नेणार असाल तर लक्षात ठेवा: 1 एप्रिल 2025 पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर ही गावं दारूबंदीत आली आहेत.

आणि सिगार निरुपद्रवी नसते. धूर गिळला नाही तरी तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका असतो, आणि दारू सोबत असली की दोन्ही धोके नुसते जोडले न जाता एकमेकांना वाढवतात. हे रोजचं करायचं नाही. घरात लहान मुलं, दम्याचं माणूस, गरोदर बाई असेल तर गच्चीचं दार लावून घ्या. गाडीची किल्ली बैठकीआधीच दुसऱ्याकडे द्या.

बिअर आधी, सिगार नंतर

इंदूरमध्ये सिगारपेक्षा चांगली काळी बिअर मिळणं जास्त अवघड, म्हणून बिअर हाती आल्याशिवाय सिगार ठरवू नका. दुकानदार ‘डार्क’ म्हणून स्ट्राँग लागर पुढे करतो. बाटली उजेडासमोर धरून काही कळत नाही, काच तपकिरी असते. लेबलावर स्टाउट, पोर्टर, डुंकेल, श्वार्झबिअर, बॉक किंवा डुबेल यांपैकी एखादा शब्द शोधा. देशी बाटल्यांत छत्तीसगडची सिंबा स्टाउट, आयातीत एर्डिंगर डुंकेल, गिनेसचे कॅन, कधी शिमे अशी नावं दिसतात, पण माल सारखा नसतो. मायक्रोब्रुअरीत काळी बिअर नळावर असेल तर तिथे अर्धा ग्लास चाखून ठेवा आणि तिचा स्वभाव लक्षात ठेवा, म्हणजे पुढे त्या प्रकारची बाटली मिळाली की अंदाज असतो.

बाटलीवरची भरल्याची तारीख वाचाच. माळव्याच्या मे महिन्यात गोदामात पडून राहिलेली बिअर ऑक्सिडेशननं बिघडते. पिवळ्या बिअरला पुठ्ठ्याचा वास येतो, काळीला सोया सॉसकडे झुकणारा खारट-उग्र वास. धुराबरोबर तो वास दुप्पट जाणवतो. चार-पाच टक्क्यांची बिअर सहा महिन्यांच्या आतली घ्या. नऊ-दहा टक्क्यांची इंपीरियल स्टाउट थंड जागी ठेवलेली असेल तर जुनी झाल्यानं उलट गोलाई येते, तिला हा नियम नाही.

बिअर घरी आली की सिगारशिवाय दोन घोट चाखा. गिळा, मनात दहा आकडे मोजा. शेवटी जिभेवर गोड राहिलं, की जळकं कडू? गॅस टोचतो, की मऊ आहे? घशात अल्कोहोलची ऊब जाणवते का? या तीन उत्तरांवर सिगार निवडायची.

कोणत्या बिअरला कोणती सिगार

श्वार्झबिअर आणि म्युनिक डुंकेल या दोन्ही जर्मन लागर, साडेचार ते साडेपाच टक्क्यांच्या. रंग गडद, अंग हलकं, चव पावाच्या खरपूस कडेची. यांच्यासोबत कनेक्टिकट शेड पानाची मवाळ सिगार घ्या, मकान्युदो कॅफे किंवा त्या जातीची डोमिनिकन. मलईदार, लाकडी चवीचा धूर आणि स्वच्छ माल्ट. पहिल्यांदा करणाऱ्यानं इथून सुरुवात करावी. कडक निकारागुआन पेटवलीत तर बिअर पाणी वाटेल.

कोरड्या आयरिश स्टाउटमध्ये मोड न आणलेली, थेट भाजलेली बार्ली असते. तिचा शेवट कोरडा आणि कॉफीच्या कडवटपणाचा. लोक इथेच सर्वांत जास्त चुकतात, कारण काळी म्हणून तिला सर्वांत कडक सिगार लावतात. कडूवर कडू चढतं आणि दुसऱ्या टप्प्यात राखेशिवाय काही लागत नाही. हिला कॅमेरून पानाची मध्यम सिगार चांगली, किंवा होयो दे मोंतेरेय एपिक्युर नंबर 2 सारखी मवाळ क्युबन. मदुरोच हवी असेल तर आतला तंबाखू मवाळ असलेली, फक्त वरच्या पानाच्या गोडीसाठी. नायट्रोजनच्या कॅनमधली स्टाउट बाटलीतल्या स्टाउटपेक्षा सरस ठरते. नायट्रोजनचे बुडबुडे बारीक, फेस साईसारखा, आणि धुरानं चुरचुरलेल्या जिभेला गॅसचा डंख बसत नाही.

मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेली असते. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, म्हणून गोडी तशीच उरते. ओटमील स्टाउट तितकी गोड नसते, पण ओटमुळे अंगाला गुळगुळीत. या दोन्ही मिरीच्या झणक्याच्या निकारागुआन सिगारला जोडा. झुरका नाकातून हळूच सोडला की मिरी टोचते, घोट घेतला की ती विझते आणि कोको वर येतो. आमच्या मते काळ्या बिअरसोबतच्या जोड्यांत ही सर्वांत खात्रीची. मिल्क स्टाउट मिळाली तर दुसरं काही शोधत बसू नका.

पोर्टरला कनेक्टिकट ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोच्या सान आंद्रेस पानाची मदुरो, मध्यम ताकदीची. चॉकलेटवर चॉकलेट. धोका एवढाच, की दोन्ही एकसारखं लागतं आणि अर्ध्यातच कंटाळा येतो. मध्ये दोन खारे शेंगदाणे टाका, जीभ जागी होते.

बेल्जियन डुबेल (शिमेची लाल लेबलवाली, वेस्टमाल डुबेल, दोन्ही 7 टक्के) आणि जर्मन डॉपेलबॉक (पाउलानर साल्व्हाटोर, 7.9 टक्के) यांत भाजका कडूपणा जवळजवळ नसतोच. त्यात मनुका, अंजीर, काकवीची चव असते. इथे मोठी मोकळीक मिळते: कॅमेरून, हबानो पान, पार्तागास सेरी डी नंबर 4 सारखी मातकट कडक क्युबन, सगळं खपतं. डुबेलमध्ये गॅस मात्र जबरदस्त. ती जरा उंचावरून, फेस होऊ देत ओता आणि पाच मिनिटं थांबा. तसाच गॅसभरला घोट धुरावर घेतला तर जीभ सोलल्यासारखी होते.

इंपीरियल स्टाउट आठ ते बारा टक्क्यांची. तिला तेवढीच जड सिगार लागते: ब्रॉडलीफ मदुरो, पाद्रोनची 1964 मालिका, लिगा प्रिवादा नंबर 9 या वजनाची. जेवणानंतरच, आणि 330 मिलीची एक बाटली दोघांत. एकट्यानं एक बाटली आणि टोरो आकाराची एक जड सिगार म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ वाया.

डुंकेलवाइझेनला केळं आणि लवंगेचा वास असतो, तिला मवाळ डोमिनिकन पुरते. यापलीकडे काही नाही.

टाळायच्या तीन: ब्लॅक आयपीए, कारण तिच्यातल्या हॉप्सचा (बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा) कडूपणा आणि धूर एकमेकांना चिथावतात. बामबर्गची राउखबिअर, कारण तिचं माल्ट मुळातच बीचच्या धुरावर वाळवलेलं, धुरात धूर मिसळून काहीच ओळखू येत नाही. आणि व्हॅनिला-नारळ घातलेल्या मिठाईछाप स्टाउट, त्यांच्यापुढे सिगारचा वासच उरत नाही.

सिगार निवडताना आणि साठवताना

आकार लांबी इंचांत आणि ‘रिंग गेज’मध्ये सांगतात. गेज म्हणजे व्यास, एका इंचाच्या चौसष्टाव्या भागात. 50 गेज म्हणजे सुमारे 20 मिमी. एका बिअरला रोबुस्टो (5 इंच × 50, पाऊण ते एक तास) किंवा पेटिट कोरोना (साधारण 5 इंच × 42, अर्धा ते पाऊण तास) घ्या. सात इंची चर्चिल घेतली की बिअर अर्ध्यात गरम आणि मेलेली होते, आणि मग दुसरी बाटली उघडली जाते. पाच टक्क्यांची 500 मिली किंवा सात-आठ टक्क्यांची 330 मिली, एका रोबुस्टोला एवढं पुरे.

विकत घेताना दोन बोटांत हलकेच दाबा. जराशी दबून परत आली पाहिजे. कडक गाठ लागली तर ओढ बसणार नाही, पोकळी लागली तर गरम जळेल. पानावर टाचणीएवढी भोकं म्हणजे तंबाखूचा भुंगा, ती पेटीच नको. काचेच्या झाकणाच्या पेटीतली ‘कोहिबा’ कितीही स्वस्त दिली तरी नकली समजा. परदेशातून कुणी आणणार असेल तर विमानतळावर एका प्रवाशाला 25 सिगारची सूट आहे. तिरुचिरापल्लीचे चिरूट वेगळी चीज: कोरडे, सरळसोट, उग्र. त्यांना गोड बिअर लागते, कोरड्या स्टाउटबरोबर ते घशाला लागतात.

आता इंदूरची खरी अडचण. सिगारला 65 ते 69 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान लागतं. एप्रिल-मेमध्ये इथली दुपारची हवा कोरडीठाक आणि पारा चाळिशीच्या वर. उघडी ठेवलेली सिगार दोन-तीन दिवसांत सुकते, पेटवल्यावर पान तडकतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: ओल शिरते, सिगार सारखी विझते, बुरशी धरते. आणि तापमान 24-25 अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलं की तंबाखूतली भुंग्याची अंडी फुटू शकतात.

लाकडी ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगारसाठी ओल धरून ठेवणाऱ्या पेटीच्या, फंदात पडू नका. तो आपल्या हवेत नीट मिटत नाही आणि सारखा पाणी मागतो. जाड प्लॅस्टिकचा, रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा अन्नाचा डबा घ्या. साबणानं धुऊन, उन्हात एक दिवस उघडा ठेवून वास घालवा. त्यात 65 टक्क्यांचं एक 60 ग्रॅमचं बोव्हेडा पाकीट (डब्यातली ओल ठरावीक ठेवणारं) टाका, 20-25 सिगारना पुरतं. पावसाळ्यात 62 टक्क्यांचं. छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) ठेवायचा असेल तर आधी तपासा: बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाण्यानं ओलसर लगदा करा (विरघळू देऊ नका), बूच आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून एक दिवस ठेवा. 75 दाखवलं पाहिजे. 71 दाखवलं तर मीटर चार अंकांनी कमी दाखवतो, तेवढं मिळवून वाचा.

डबा आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. कूलरच्या झोतात नको, एसीखाली नको. फ्रीजमध्ये तर अजिबात नको. तिथली हवा कोरडी, आणि डबा नीट मिटला नसेल तर लसणाच्या चटणीचा वास पानात मुरतो. नवा माल आणला की भुंग्यासाठी एकदाच फ्रीझरचा उपाय करा: सिगार दोन झिप पिशव्यांत हवा काढून बंद करा, आधी एक दिवस फ्रीजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रीजमध्ये, मग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी न उघडता. थेट बाहेर काढलीत तर पानावर पाणी सुटतं आणि ते फाटतं. आमचा सल्ला मात्र याहून सोपा आहे: पाच-सहापेक्षा जास्त आणू नका आणि आणलेल्या रंगपंचमीच्या आत संपवा. उन्हाळा ओलांडण्याइतका साठा करायचाच असेल तर 18 अंशांवर चालणारं वाइनचं छोटं कपाट लागतं.

प्रत्यक्ष बैठक

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शब-ए-मालवाची कीर्ती उगाच नाही, पण जानेवारीच्या रात्री गच्चीवर वारा असतो, आणि वाऱ्यात सिगार एका बाजूनं जळत जाते. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसा.

बिअर किती थंड हवी? फ्रीजमधली चार अंशांची काळी बिअर मुकी असते, फक्त कडू आणि गार. श्वार्झबिअर, डुंकेल 7 ते 9 अंश, स्टाउट-पोर्टर 8 ते 10, डुबेल-डॉपेलबॉक 10 ते 12, इंपीरियल 12 ते 14. म्हणजे फ्रीजमधून काढून हिवाळ्यात 15 ते 20 मिनिटं, उन्हाळ्यात आठ-दहा मिनिटं थांबायचं. कडाक्याच्या थंडीत बाहेर दहा-बारा अंश असताना बाटली अंधार पडल्यावर दोन-तीन तास कठड्याच्या आत ठेवली तरी काम होतं, फ्रीज लागत नाही. नायट्रोजनच्या कॅनला ही सूट नाही. तो किमान तीन तास फ्रीजमध्ये हवा, काढल्याबरोबर ग्लास तिरका धरून एका दमात ओतायचा आणि दोन मिनिटं बसू द्यायचा. कोमट कॅन उघडलात तर निम्मी बिअर फेस होऊन ओट्यावर जाते.

ग्लास आधी नुसत्या पाण्यानं खळबळून घ्या. भांड्याच्या साबणाचा किंवा तुपाचा अंश राहिला तर फेस बसतो, आणि फेस बसला की वास उडतो. जड बिअरला वर निमुळता ग्लास, बाकीच्यांना साधा उभा ग्लास चालतो. काठोकाठ भरू नका.

सिगारच्या तोंडात धरायच्या टोकावर पानाची टोपी चिकटवलेली असते, तिची खालची कड नीट बघा आणि तिच्या आत, टोकापासून दीड ते दोन मिलिमीटरवर, दुपात्याच्या कटरनं एका झटक्यात कापा. हळूहळू दाबलं तर पान फाटतं. कड ओलांडून खाली कापलं तर पान उलगडत येतं, आणि ओल्या ओठांनी तर पाच मिनिटांत. न पेटवता एक ओढ घेऊन पाहा. गच्च वाटलं तर अजून अर्धा मिलिमीटर.

पेटवायच्या आधी बिअरचे दोन-तीन घोट घ्या, नंतर जिभेला तिची खरी चव कळणार नाही. मग ब्युटेनच्या लायटरनं, ज्योत टोकाला न टेकवता, सिगार 45 अंशांत धरून फिरवत कड तांबूस होईपर्यंत शेका. पंधरा-वीस सेकंद लागतात. मग तोंडात धरून हळू ओढत, फिरवत पेटवा. काडीनं पेटवत असाल तर आधी गुलातला गंधक जळून जाऊ द्या. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती, दोन्हींचा वास शेवटपर्यंत जात नाही.

पहिल्या सेंटीमीटरपर्यंत बिअरला हात लावू नका. त्यानंतर एका मिनिटाला साधारण एक झुरका. धूर तोंडात दोन-तीन सेकंद, बाहेर, पाच सेकंद थांबून छोटा घोट, गिळण्याआधी जिभेवर फिरवून. पुढच्या वेळी क्रम उलटा: आधी घोट, मग झुरका. कोणत्या क्रमात बरं लागतं ते जोडीनुसार बदलतं. गोड बिअर बहुधा धुरानंतर, कोरडी बिअर बहुधा धुराआधी चांगली. दर पाच-सहा झुरक्यांनंतर साधं पाणी. सिगारचं टोक बिअरमध्ये बुडवायची फॅशन आहे, ती करू नका. पान सुटतं आणि ओढ बंद होते.

सिगारचे तीन भाग धरले तर मधला भाग ही खरी परीक्षा. तोवर तंबाखू तापलेला असतो आणि बिअर थोडी गरम होऊन तिची माल्टची गोडी उघडलेली असते. म्हणून ग्लासातली निम्मी बिअर या भागासाठी राखा. शेवटच्या भागात धुरातलं डांबर वाढतं, कडूपणा येतो. इथे बिअर संपवून टाका आणि सिगार दोन बोटं उरली की सोडा.

जिभेला सोबत

रिकाम्या पोटी बसायचं नाही. दुपारचा दाल-बाफला पोटात असला तर रात्रीची सिगार सुखानं जाते. बशीत मात्र इंदुरी हात आवरता घ्या. लौंग सेव, जिरावन घातलेला गराडू, लिंबू पिळलेलं काहीही, हे सगळं या जोडीचे वैरी. तिखट आणि अल्कोहोल मिळून जीभ जाळतात, आंबट बिअरचा कोको मारतं, आणि मग दोष सिगारला दिला जातो. खारे शेंगदाणे, भाजलेले फुटाणे, तिळाची वडी, 70 टक्क्यांचं चॉकलेट ठीक. इंपीरियल स्टाउटसोबत मावा बाटीचा लहान तुकडा फार सुरेख लागतो, अख्खी नको.

काय बिघडतं

सिगार एका बाजूनं जळत गेली तर मागे राहिलेली बाजू खाली करून धरा, हवा मिळून ती गाठते. नाही गाठली तर तेवढ्याच कडेला लायटरची धग द्या. मध्यभाग जळून कड उभी राहिली तर सिगार ओली होती किंवा तुम्ही फार सावकाश ओढत होता, तेव्हा राख झाडून कड पेटवा. पान तडकलं तर ती सुकलेली होती. ओठांची किंचित ओल लावून चिरेपाशी बोट धरा. आत जाईल तिथवर चिरलं असेल तर सोडून द्या.

कडूपणा अचानक वाढला तर आधी वेग तपासा. बिअर समोर असली की माणूस नकळत भरभर ओढतो, टोक तापतं, धूर तिखट होतो. सिगार तीन मिनिटं खाली ठेवा, मग तोंडात धरून बाहेरच्या दिशेनं एकदा फुंका, साचलेला धूर निघून जातो. तरी कडूच असेल तर जोडीच चुकली आहे. तेव्हा बिअर बाजूला ठेवून पाण्याबरोबर सिगार संपवा किंवा सिगार ठेवून बिअर संपवा.

मळमळ, थंड घाम, चक्कर आली तर ते निकोटिन, बिअर नव्हे, जरी वाटलं तसं तरी. सिगार खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, गुळाचा खडा किंवा पेढा तोंडात टाका. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत उतरतं. त्या रात्री परत पेटवायची नाही. आणि उलट्या थांबत नसतील, छातीत धडधड होत असेल तर सरळ डॉक्टर.

संपल्यावर सिगार चुरडू नका, घाण वास सुटतो. रक्षापात्रात आडवी ठेवा, दहा मिनिटांत आपोआप विझते. पात्र रात्रीच रिकामं करून बाहेर धुवा. अर्धी राहिलेली सिगार उद्यासाठी ठेवायचा मोह होतो. तासाभरात पेटवलीत तर ठीक, राख झाडून, बाहेर फुंकून घ्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत धुराचं डांबर उरलेल्या तंबाखूत मुरलेलं असतं, त्यावर कोणतीही बिअर उपाय करत नाही. ती टाका, आणि डब्यात चांगल्या सिगारच्या शेजारी तर ठेवूच नका, आठवड्यात सगळ्या पेटीला तिचा वास लागतो.